कर्नल सी. के. नायडू : होळकरांच्या संघाचे सेनापती



१४ नोव्हेंबर म्हटले की आपल्या विद्यालयात बालदिनाची तयारी सुरू होते. गुलाबाची फुले येतात, भाषणे पाठ होतात, पहिलीच्या वर्गात दोन-तीन छोटे नेहरूजी तयार होतात. पण ह्याच तारखेची आणखी एक आठवण आहे आणि ती आपल्या अगदी घरची आहे. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला कर्नल सी. के. नायडू ह्यांचे निधन झाले. भारताचे पहिले कसोटी कप्तान. देपालपूरपासून इंदूर अवघे चाळीस किलोमीटर, तरी मागच्या महिन्यात मी नववीच्या वर्गात त्यांचे नाव विचारले तेव्हा एकच हात वर आला, आणि त्या मुलालाही नाव ठाऊक होते ते नायडूंच्या नावाच्या ट्रॉफीमुळे. म्हणून ह्या अंकात त्यांचे चरित्र लिहायला घेतले आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे भाषेत कुठे हिंदी डोकावली तर मराठीच्या बाईंनी लाल शाई जरा जपून वापरावी!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे, हेल्मेट घालून खेळतात तो, त्यात प्रत्येक व्यावसायिक संघाला फक्त बचाव शिकवणारा वेगळा प्रशिक्षक असतो. आजच्या क्रिकेटमध्येही फलंदाजीचा वेगळा, गोलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा प्रशिक्षक असतो. नायडूंच्या काळात ह्यातले काही नव्हते. जो कप्तान, तोच गुरू. पोरांना घडवायचे, त्यांना मैदानावर उभे राहायला शिकवायचे, पडल्यावर उठवायचे, हे सगळे एकाच माणसाच्या अंगावर. नायडूंना लोक षटकारांसाठी ओळखतात आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यांचे मोठेपण त्यांनी इंदूरला उभ्या केलेल्या संघात जास्त दिसते.

कोट्टारी कनकैया नायडू ह्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घराणे मूळचे आंध्रातले, भाषेने तेलुगू, पण नागपुरात पक्के स्थिरावलेले. आजोबा वकील होते. वडील केंब्रिजला शिकून आलेले कायद्याचे पंडित. पुढे त्यांनी होळकर राज्यात न्यायाधीश म्हणूनही काम केले. नायडू नागपूरच्या हिस्लॉप शाळेत शिकले आणि शाळेच्या संघाचे कप्तान झाले. म्हणजे, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या प्रांतात राहून तिथलेच होऊन गेलेले हे घर. आपल्यासारख्या माळव्यातल्या मराठी माणसांना ह्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

१९१६ साली ते मुंबईच्या चौरंगी सामन्यात हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरले. संघाची अवस्था वाईट, सात गडी बाद झालेले. असे सांगतात की ह्या वीस वर्षांच्या मुलाने पहिले तीन चेंडू शांतपणे अडवले आणि चौथा सरळ सीमेपार भिरकावला. मुलांनो, चौथा चेंडू सगळ्यांना आठवतो, पण ते आधीचे तीनही लक्षात ठेवा.

१९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावले आणि आपल्या फौजेत कप्तानाचे पद दिले. पुढे ते कर्नल झाले. नागपूरचा हा उंच, ताठ चालीचा माणूस त्यानंतर कायमचा इंदूरचाच झाला.

१ डिसेंबर १९२६. मुंबई जिमखान्याचे मैदान. आर्थर गिलिगन ह्यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा इंग्रज संघ भारतात आलेला. त्यांच्या गाय अर्ल नावाच्या फलंदाजाने आठ षटकार मारून शतक ठोकले होते आणि इंग्रज खुशीत होते. उत्तरादाखल नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. ११ षटकार, १३ चौकार. एका डावात इतके षटकार तोपर्यंत जगात कोणी मारले नव्हते. बातमी पसरली तशी लोक हातातले काम टाकून मैदानाकडे धावले, झाडांवर चढले, छपरांवर चढले. गोरा साहेब राज्य करतो म्हणजे तो खेळातही वरचढ असलाच पाहिजे, ही समजूत त्या दुपारी बरीच हलली. एम. सी. सी. ने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, भारताचे क्रिकेट बोर्ड स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला.

ती कसोटी २५ जून १९३२ ला लॉर्ड्‌सवर सुरू झाली. त्या काळी दौऱ्याचा कप्तान म्हणजे कोणी राजाच पाहिजे. पोरबंदरचे महाराज कप्तान होते आणि लिंबडीचे राजकुमार घनश्यामसिंहजी उपकप्तान. पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा माहीत होती. ते स्वतःहून बाजूला झाले, आणि मला विचाराल तर त्या दौऱ्यातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. लिंबडीकरांच्या पाठीला दुखापत झाली. अशा रीतीने कप्तानी नायडूंकडे आली. सगळ्यांनाच ते रुचले असे नाही. संघातल्या काही जणांना, राजा नसलेल्या आणि वर इतक्या कडक माणसाच्या हाताखाली खेळणे जड गेले.

तरीही सुरुवात कशी झाली पाहा. इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धावांत तंबूत! मोहम्मद निसारने दोघांच्या यष्ट्या उडवल्या आणि तिसरा वूली, त्याला लालसिंगच्या चपळ क्षेत्ररक्षणाने धावबाद केले. नंतर जार्डिन उभा राहिला आणि इंग्लंड सावरले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंचा हात जबर दुखावला. तोच हात घेऊन ते फलंदाजीला आले आणि ४० धावा केल्या. भारताच्या पहिल्या डावातल्या त्याच सर्वाधिक धावा. सामना आपण १५८ धावांनी हरलो. पण त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या, ६५ बळी घेतले, आणि विस्डेनने १९३३ च्या आवृत्तीत त्यांना वर्षातल्या पाच श्रेष्ठ खेळाडूंत निवडले. बर्मिंगहॅमला एजबॅस्टनच्या मैदानावर त्यांनी मारलेला एक षटकार शेजारच्या रे नदीच्या पलीकडे पडला. ती नदी तेव्हा दोन परगण्यांची सीमा होती, म्हणून चेंडू वॉरिकशायरमधून वूस्टरशायरमध्ये गेला असे लोक गमतीने सांगत. आपल्याकडे कोणी चंबळच्या पार चेंडू मारला तर आपणही हेच म्हणू.

१९३३-३४ मध्ये जार्डिनचाच संघ भारतात आला, तेव्हा तिन्ही कसोटींत नायडू कप्तान होते. मुंबईत लाला अमरनाथांनी भारताचे पहिले कसोटी शतक काढले, ११८ धावांचे. समोर उभे राहून त्यांना धीर देणारे नायडू होते, त्यांच्या ६७. कलकत्त्याच्या सामन्यात इंदूरचाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा पहिली कसोटी खेळला. त्याचे नाव मुश्ताक अली. नायडूंनी त्याला तेराव्या वर्षी इंदूरला खेळताना पाहिले होते आणि तेव्हापासून हाताशी धरले होते. ह्याच मुश्ताकने १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा केल्या. परदेशात भारतीयाने काढलेले ते पहिले कसोटी शतक.

१९३६ च्या दौऱ्यात कप्तानी नायडूंकडून गेली. विजयानगरमच्या महाराजकुमारांना कप्तान व्हायचे होते आणि ते झाले. त्या दौऱ्यातल्या गटबाजीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मी शिरत नाही. मला इतकेच सांगायचे आहे की चाळिशी ओलांडलेला, आपल्यापेक्षा कितीतरी कमी खेळ येणाऱ्या माणसाच्या हाताखाली ठेवलेला हा जुना कप्तान तिन्ही कसोटी खेळला. शेवटची ओव्हलवर. भारतावर डावाच्या पराभवाचे सावट होते. गबी अॅलनचा वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर जोरात आदळला. ते मैदान सोडून गेले नाहीत. ८१ धावा काढल्या आणि डावाचा पराभव टळला. त्यांच्या कसोटी आयुष्यातली ती सर्वांत मोठी खेळी, आणि त्यानंतर कसोटी नाही. एकूण सात कसोटी, ३५० धावा, ९ बळी. आकडे पाहून कोणी म्हणेल, बस, इतकेच? पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हाच वय ३६ होते, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

दुसरा कोणी असता तर इथे त्याचे चरित्र संपले असते. नायडूंचे खरे काम, माझ्या मते, इथून सुरू होते.

इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर त्यांनी होळकर संघ बांधला. महाराज यशवंतराव होळकरांचा आधार होता. खेळाडूंना फौजेत नोकरी मिळे, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. पण फौजेचा पगार घेतला की फौजेचे अनुशासनही आले. वेळेवर या, ताठ उभे राहा, लागले तर रडू नका. ह्या संघात आपली माणसे किती होती पाहा: चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड. सरवटे तर कायद्याचे पदवीधर आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ! ह्याच सरवट्यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये सरे संघाविरुद्ध शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली आणि दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतके काढली. शेवटचा गडी म्हणजे बळीचा बकरा नव्हे, हे होळकर संघात शिकलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

१९४४-४५ चा रणजी अंतिम सामना मुंबईविरुद्ध मुंबईत झाला. दुसरे महायुद्ध चालू होते आणि इंग्लंडचा प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन तेव्हा लष्करी नोकरीत आपल्या महूला होता. नायडूंनी त्याला होळकर संघात घेतले. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. विचार करा, उन्हात किती वेळ क्षेत्ररक्षण करावे लागले असेल! नायडूंचे धाकटे भाऊ सी. एस. ह्यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले, म्हणजे १५२ षटके आणि वर पाच चेंडू. तो जागतिक विक्रम आहे. कप्तान सख्खा भाऊ होता, पण सवलत नव्हती. होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कुठलाही संघ अशा वेळी हात टेकतो. मुश्ताकने पहिल्या डावात १०९ काढल्या होत्या, दुसऱ्यात १३९ काढल्या. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. संघ ४९२ पर्यंत पोचला. ३७४ धावांनी हरले.

पुढच्याच वर्षी हा संघ विजेता झाला. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध इंदूरला ८ बाद ९१२ धावा आणि एकाच डावात सहा शतके: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. सहापैकी चार आडनावे आपल्या कुठल्याही हळदीकुंकवात ऐकू येतील अशी! अंतिम सामना बडोद्याशी, तोही इंदूरला. होळकरांचा पहिला डाव ३४२ चा. त्यात नायडूंच्या एकट्याच्या २००. वय वर्षे पन्नास. होळकर ५६ धावांनी जिंकले. माझे आजोबा तेव्हा इथल्या तहसीलीत कारकून होते. त्यांना क्रिकेटचे नियम धड ठाऊक नव्हते, पण तो सामना पाहून ते परत आले आणि पुढे कित्येक वर्षे घरात कोणी दुखण्याची तक्रार केली की पन्नाशीतल्या त्या २०० धावांचा हिशेब सुरू होई. आमच्या आजीला त्याचा फार कंटाळा होता.

लगेच पुढच्या वर्षी, मार्च १९४७ मध्ये, बडोद्याने परतफेड केली. ३ बाद ९१ वरून विजय हजारे आणि गुल मोहम्मद ह्यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली; हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. कुठल्याही गड्यासाठी जगातली सर्वांत मोठी अशी ती भागीदारी २००६ पर्यंत टिकली. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. इतका मार खाल्लेला संघ एरवी फुटतो. एकमेकांवर दोष ढकलणे सुरू होते. ह्या संघाने १९४७-४८ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि इंदूरच्या मैदानावर मुंबईला नऊ गडी राखून हरवले. ह्या एका वर्षात नायडूंनी आपल्या खेळाडूंना काय काय सांगितले असेल, ते ऐकायला मी पुष्कळ काही द्यायला तयार आहे.

१९४८ मध्ये होळकर राज्य मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, पण संघाचे नाव काही वर्षे तसेच राहिले. १९५०-५१ मध्ये गुजरातला आणि १९५२-५३ मध्ये कलकत्त्याला बंगालला मागे टाकून करंडक इंदूरला आला. नऊ वर्षांत आठ वेळा अंतिम फेरी, चार वेळा विजेतेपद. शेवटच्या विजयाच्या वेळी कप्तान ५७ वर्षांचे होते.

आता दातांची गोष्ट. पन्नाशी ओलांडल्यावर मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांचा चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला. दात तुटून खेळपट्टीवर पडले. धावत आलेल्या मंडळींना त्यांनी दूर केले, दात बॅटने बाजूला सारले आणि पुन्हा स्टान्स घेतला. फडकर भला माणूस. वयाचा मान राखून त्याने पुढचे चेंडू हळू टाकले. त्यावर नायडू रागावले. नेहमीच्याच वेगाने टाक, असे त्यांनी त्याला बजावले.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, आणि त्याच वेळी मला एक कबुलीही द्यायची आहे. प्राचार्य म्हणून मी ती जशीच्या तशी आदर्श म्हणून सांगणार नाही. आज कुठल्या मुलाचे दात मैदानावर पडले तर मी त्याला आधी दवाखान्यात नेईन आणि मगच शौर्याचे कौतुक करीन. नायडूंच्या हाताखालच्या खेळाडूंना ही सक्ती कधी कधी जाचली असेल, ह्यात शंका नाही. त्यांच्या मनात दुखापतीला जागाच नव्हती. सगळी माणसे तशी नसतात, आणि मुले तर नसतातच.

पण दुसरे टोकही आपण पाहतो आहोत. गेल्या महिन्यात एक पालक आले. मुलाच्या बोटाला चेंडू लागला होता, थोडी सूज होती. मुलाला खेळाच्या पिरियडमधून कायमची सूट द्यावी आणि त्या वेळेत गणित घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. चिठ्ठी लिहूनच आणली होती. त्यांची काळजी खरी आहे, बोर्डाच्या परीक्षेचे ओझेही खरे आहे. मुलगा मात्र बाहेर बाकावर बसून दुसऱ्या हाताने चेंडू उडवून झेलत होता. ती चिठ्ठी अजून माझ्या टेबलावर आहे, सही झालेली नाही. मैदानाच्या अर्ध्या भागावर नव्या खोल्या बांधण्याचा विषयही विश्वस्त मंडळासमोर आहे. खोल्यांची गरज आहे, हे मी रोज दाटीवाटीने बसलेली मुले पाहतो त्यामुळे जाणतो. माझे मत मी बैठकीत लेखी दिले आहे, ते इथे छापणे योग्य नाही. फक्त एवढे सांगतो की यशवंत क्लबचे मैदान नसते तर वरची दोन पाने लिहिता आली नसती.

आपल्या भागात धैर्याची कमी नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याला हिंगोट युद्धात ढाल घेऊन उभी राहणारी पोरे आपण पाहिली आहेत. (आपल्या विद्यार्थ्यांनी तिथे प्रेक्षक म्हणूनही लांबच राहावे, ही सूचना दर वर्षीप्रमाणे आहेच.) नायडू जे शिकवत होते ते वेगळे होते: येणारा चेंडू डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत पाहायचा. ते एका दिवशीच्या जोशाने येत नाही, रोज येऊन शिकावे लागते.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. हा सन्मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. त्याच हंगामात, ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाचे कप्तान म्हणून रणजी खेळत होते आणि राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा काढल्या. निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. प्रथम दर्जाच्या २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी, असा त्यांचा एकूण हिशेब आहे. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंदूरला मुलींच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. क्रिकेटचे समालोचन करणाऱ्या त्या भारतातल्या पहिल्या महिला. वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले. २०२१ मध्ये इंदूरलाच त्यांचे निधन झाले.

इंदूरच्या मैदानांची नावे बदलत गेली. उषाराजे मैदानाचे २०१० मध्ये होळकर स्टेडियम झाले. १९५२-५३ नंतर मात्र रणजी करंडक ह्या भागात पुन्हा आला तो थेट २०२२ मध्ये, मध्य प्रदेश म्हणून, बंगळुरूला मुंबईलाच हरवून. त्या संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, तेही कडक अनुशासनासाठी प्रसिद्ध. १९९८-९९ मध्ये त्याच बंगळुरूला त्यांच्याच कप्तानीखाली मध्य प्रदेश अंतिम सामना हरला होता. ते मैदानावर रडले, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले.

नायडू शेवटचा प्रथम दर्जाचा सामना खेळले तो १९६३ मध्ये, जन्मगावी नागपूरला. चीनच्या युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी तो सामना ठेवला होता. वय ६८. पहिल्या सामन्याला तेव्हा ४७ वर्षे झाली होती.

ह्या वर्षी १४ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता आपल्या मैदानावर नववी विरुद्ध दहावी असा सामना ठेवला आहे. खरा चेंडू असेल. पॅड, हातमोजे आणि हेल्मेटशिवाय कोणालाही फलंदाजीला सोडले जाणार नाही. प्रथमोपचाराची पेटी माझ्याजवळ राहील. चिठ्ठी देऊन गेलेल्या पालकांनाही मी आग्रहाचे निमंत्रण दिले आहे. त्यांचा मुलगा नववीच्या संघात सातव्या क्रमांकावर आहे.

— प्राचार्य